खादाड खड्डा

"बाय, तुजा खड्डा लई खादाड हाय," सगुणा म्हणाली. "सांजच्याला भरावा, तर दुसऱ्या सांजला पुन्ना रिता."

मी नुकतीच चढण संपवून गवळदेवाच्या सड्यावर पाय ठेवला होता. पाठीवर मीटरची पेटी, एका हातात अंगठा तुटलेली चप्पल आणि घशाला कोरड. दसरा होऊन गेला होता. परतीचा पाऊस रोज दुपारनंतर गडगडून जायचा आणि त्या दिवशीही पूर्वेकडे काळ्या ढगांची रास लागायला लागली होती. मला ती बघून आनंद झाला होता. खरंच सांगते, आनंदच. माझ्या वयाच्या मुली स्थळांची वाट बघतात आणि आमची ही वीज पडायची वाट बघते, असं माझी आई चारचौघांत सांगायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

"रिता म्हणजे काय?" मी विचारलं. "पाणी मुरत असेल गं. मुरायलाच हवं."

"पानी न्हवं, मीठ! मिठासंगट मातीबी जाती. रानडुक्कर उकरतंय म्हनत्यात समदी. मी म्हनलं, बाय येऊ दे, तिलाच इचारू."

"पण मीठ कोण घालतंय?"

"मीच की," सगुणा म्हणाली. असा काय प्रश्न, असा तिचा चेहरा होता. "रोज दिवेलागनीला वंजळभर. तूच म्हनालीस न्हवं, ह्याला पानी पाजायचं आन् मीठ चारायचं?"

मी म्हटलं होतं खरं. पण मीठ वर्षातून एकदा, आणि तेही मी स्वतः येऊन घालणार होते. त्यासाठी खडेमिठाचं एक पोतं तिच्या घरात ठेवलं होतं. सगुणाला ते पटलं नसावं. इथे दर अवसेला म्हशींना मीठ चारायची रीत होती, मग रात्रंदिवस राखण करणाऱ्या खड्ड्याला वर्षभर उपाशी कसं ठेवायचं? मला हसू आलं आणि मी तिच्याबरोबर खड्डा बघायला निघाले. हसायचं काही कारण नव्हतं, ते पुढे कळलं.

आता या खड्ड्याबद्दल सांगायला हवं.

गवळदेवाचा सडा म्हणजे जांभ्या कातळाचं लांबरुंद पठार. त्याच्या एका कोपऱ्यात झोऱ्यांचा धनगरवाडा. गवताने शाकारलेली बुटकी घरं आणि त्यांच्याहून ऐसपैस म्हशींचे गोठे. झाड औषधालाही नाही. पूर्वी एक मोठी जांभळ होती. माझ्या जन्माच्या आसपास कधीतरी तिच्यावर वीज पडली आणि खाली उभ्या असलेल्या म्हशी जागच्या जागी गेल्या. त्यांच्याबरोबर एक माणूसही गेला. तो सिदू, वाड्याचे म्होरके भागोजीबाबा यांचा धाकटा भाऊ. तेव्हापासून भागोजीबाबांनी सड्यावर घराच्या आढ्याहून उंच काही उभं राहू दिलं नव्हतं. कुठे झाड रुजलं की कोयतीने साफ. लग्नाचा मांडवसुद्धा इतका बुटका घालायचे, की नवरानवरी, भटजी, सगळे वाकून आत शिरायचे.

अशा ठिकाणी मी पवनचक्कीचा खांब उभा करायला गेले होते.

मला तिथे उभी केली ती सगुणाने. ती भागोजीबाबांची सून. बिबट्याने तिच्या गोठ्यातली रेडकं एकामागून एक उचलून नेली होती. विजेच्या तारा या सड्यावर यायची लक्षणं नव्हती. खालच्या गावात आमच्या संस्थेने बसवलेले दिवे तिने पाहिले आणि घरी येऊन सासऱ्याला बजावलं, "मामंजी, गोठ्यात उजेड आला पायजे. न्हाईतर ऱ्हायलेली रेडकं घिऊन मी म्हायेरला जाती." सून गेली तर एक वेळ समजूत काढता आली असती, पण रेडकं न्यायची म्हटल्यावर भागोजीबाबा नमले. मात्र एक अट घातली, आणि ती मला समोर बसवून ऐकवली.

"पोरी, तुज्या खांबापायी येक बी जनावर गेलं, तर त्याच दिशी मी त्यो बुडातनं कापीन. मग दिवा न्हाई, आन् तू बी परत ह्यो सडा चढायचा न्हाई."

"कबूल," मी म्हणाले.

खांब उभा राहिला. वर छोटी पवनचक्की, शेजारी सोलरच्या काचा, बॅटऱ्यांची पेटी आणि प्रत्येक गोठ्यात एक दिवा. दिवे लागले त्या दिवसापासून बिबट्याने वाड्याकडे पाठ फिरवली. सगुणा तर खांबाला जाता-येता हात लावून नमस्कार करायची.

पण वीज खांबावर पडणार हे मला माहीत होतं. एवढ्या उघड्या सड्यावर दुसरीकडे ती जाणार कुठे? म्हणून पवनचक्कीहून उंच तांब्याची सळई लावली, तिथून तांब्याची पट्टी खाली आणली आणि चक्की, काचा, पेटी, सगळ्यांचं लोखंड तिला जोडलं. पुढचा प्रश्न पट्टी पुरायची कुठे हा होता. नुसत्या कातळात वीज मुरत नाही. तिला माती हवी, ओल हवी. आम्ही सगळा सडा पालथा घातला आणि तशी जागा एकच सापडली, म्हशींच्या डुंबणीच्या काठाला. तिथे झऱ्याचं पाणी पाझरायचं आणि खोलवर काळी माती होती. तिथे पुरुषभर खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घातलं, कातळ फोडून खांबापासून तिथपर्यंत चर काढला आणि पट्टी पुरली. मीटर लावला तेव्हा असा सुरेख आकडा आला, की मी तिथेच नाचले. त्यावर सगुणाने सगळ्या वाड्याला सांगितलं, की बायला मिठाच्या खड्ड्यात गुप्तधन गवसलं.

दिवे लागले त्या दिवशी मी सगळ्यांना जमवून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. वीज खड्ड्यातून मातीत पसरते, तेव्हा तिचा जोर जवळ जास्त आणि लांब कमी असतो. जवळपास असलेल्याचा एक पाय पुढे आणि एक मागे असेल, तर ती एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून निघते. दोन पायांत जितकं अंतर, तितका घात. "म्हणून माणसाने पाय जुळवून उकिडवं बसायचं, हात जमिनीला लावायचे नाहीत. पण म्हशीला काही पाय जुळवून बसता येत नाही. तेव्हा ढग आले की म्हशी डुंबणीपासून लांब न्यायच्या."

बाया हसत हसत उकिडव्या बसून बघत होत्या, एकमेकींना ढकलून पाडत होत्या. भागोजीबाबा मात्र माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच उठून गेले. म्हातारा अजून रागावलेला दिसतो, असं मला वाटलं.

तर सगुणा आणि मी डुंबणीवर पोहोचलो आणि रानडुक्कर आम्हाला सापडलं.

ते चांगलं धष्टपुष्ट होतं, शिंगं पाठीपर्यंत वळलेली होती आणि त्याचं नाव कारभारीण होतं. वाड्यातली ही सगळ्यात मानाची म्हैस. ती जाईल तिकडे सगळा कळप जायचा, म्हणून तिचं नाव कारभारीण. बाई खड्ड्यावरचा दगड बाजूला ढकलून, गुडघे टेकून, मान आत घालून मन लावून माती चाटत होती. तिच्या भोवती बाकीच्या म्हशी दाटीवाटीने उभ्या होत्या. काही कडेची माती चाटत होत्या, काही आपली पाळी यायची वाट बघत होत्या. सगुणाने रोज ओतलेलं मीठ पाण्याबरोबर विरघळून चहूकडच्या मातीत उतरलं होतं. आमच्या पट्टीचं टोक उघडं पडलं होतं आणि एक पारडी तेही चाटत होती.

"अगं बया!" सगुणा कपाळावर हात मारून ओरडली. "म्हंजी मी खड्ड्याला न्हाई, हिलाच चारत होती व्हय?"

मी खो खो हसायला लागले. आणि तेवढ्यात गडगडलं.

लांबूनच, पण जमिनीतून पायाला जाणवेल असं. मी वर बघितलं. ढग आता सड्याच्या कडेवर येऊन ठेपले होते. वारा एकदम पडला आणि पवनचक्कीची पाती फिरायची थांबली. खांबावर वीज पडली, तर ती नेमकी या खड्ड्यात उतरणार होती. तसं मीच केलं होतं, मोठ्या हौसेने. आणि सड्यावरची झाडून सगळी जनावरं त्या खड्ड्याभोवती पाय फाकवून, ओल्या खारट मातीत उभी होती.

"सगुणा, हाकल यांना! आधी हाकल!"

"आता? चाटू दी की वाईच..."

"वीज इथे येणार आहे! इथे, या खड्ड्यात! पायांचं सांगितलं होतं ना मी?"

तिने एकदा म्हशींच्या पायांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. काठी उगारून ती तुटून पडली. "हॅर्र! हॅर्र! चल ऊठ, भवाने!" मीही मीटरची पेटी टाकून ओरडत, ढकलत सुटले. म्हशीला ढकलणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घराची भिंत ढकलावी तसं. कारभारणीने शेपटी उडवून माझ्या तोंडावर चिखल मारला आणि पुन्हा मान खड्ड्यात घातली.

"ही मामंजींबिगर कुनाचं आयकत न्हाई!" सगुणा रडकुंडीला आली. "आन् ते बाजाराला गेल्यात. समदं बापय बाजाराला गेल्यात!"

पुन्हा गडगडलं, आणि या खेपेला आधी लख्ख उजेड पडला. उजेड आणि गडगडाट यांच्यामधलं अंतर मी मोजत होते, आणि मोजणं लवकर संपलं. भागोजीबाबांचे शब्द कानात घुमत होते. एक बी जनावर. इथे तर अख्खा कळप होता. खांब जाईल, दिवे जातील, बिबट्या परत येईल, हे सगळं डोक्यात होतंच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की त्या म्हाताऱ्याने जे एकदा बघितलं ते त्याला दुसऱ्यांदा बघावं लागेल आणि ते मी दाखवलेलं असेल.

"सगुणा, मीठ किती उरलंय पोत्यात?"

"हाय की, निम्म्याला आलंय."

"आण! पळ!"

ती काय पळाली! पदर खोचून, कातळावरून अनवाणी. परत आली ती पोतं पाठीवर घेऊनच. मी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर मीठ कारभारणीच्या नाकापाशी नेलं आणि मागे सरकले. तिने मान वर काढली. पाणीदार डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खड्ड्यातल्या चिखलापेक्षा हे कोरडं, मोठमोठ्या खड्यांचं मीठ तिला बरं वाटलं असावं. गुडघ्यांवरून उठली आणि एक पाऊल पुढे आली.

"कुठे नेऊ?"

"मिठाच्या कातळाव! खालच्या घळीत! त्येंची नेमाची जागा हाय!"

दर अवसेला ज्या सपाट दगडावर म्हशींना मीठ ठेवायचे तो हा कातळ. डुंबणीपासून लांब, दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात. आयती जागा! मी पोतं छातीशी धरलं, खळखळ वाजवलं आणि धावत सुटले. कारभारीण माझ्या मागे आणि सगळा कळप तिच्या मागे.

म्हैस हळू चालते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मीठ घेऊन तिच्यापुढे पळून बघावं. कातळ दणदणत होता. मागून फुरफुर ऐकू येत होती आणि कारभारणीचा गरम श्वास माझ्या मानेला लागत होता. एक चप्पल आधीच तुटलेली, दुसरी कुठे गेली कळलं नाही. मी मूठमूठ मीठ मागे उधळत होते, ओरडत होते, मध्येच हसतही होते, आणि सगळ्यात मागून सगुणा रेंगाळणाऱ्यांच्या पाठीत काठी घालत "चला गं बायांनू, चला!" असं किंचाळत येत होती. त्या वेळी कुणी आम्हाला बघितलं असतं, तर सडा पिसाळला असंच म्हटलं असतं.

घळीत उतरून मी उरलेलं सगळं पोतं कातळावर उलटं केलं आणि बाजूला उडी मारली. म्हशी चहूबाजूंनी तुटून पडल्या. मला इतका आनंद झाला, की मी दोन्ही हात वर करून नाचणार होते. तेवढ्यात सगुणाची किंकाळी आली.

"रेडकू! माजं रेडकू ऱ्हायलं!"

उंचवट्यावर चढून बघितलं, तर डुंबणीच्या काठाला तिचं सगळ्यात धाकटं रेडकू एकटंच उभं होतं. मोठ्या म्हशींनी आजवर त्याला खड्ड्याजवळ फिरकू दिलं नसावं. आता सगळं राज्य त्याचं होतं आणि ते आनंदाने माती चाटत होतं. बिबट्याच्या तावडीतून वाचलेल्या मोजक्या रेडकांतलं ते एक, आणि सगुणा त्याच्याकडे धावत निघालीही होती.

"सगुणा, नको! मागे ये!"

ती ऐकणाऱ्यातली नव्हती. मी मागून धावले, पण अनवाणी पायांना कातळ बोचत होता आणि तिला गाठणं मला शक्य नव्हतं. तिने रेडकाला कान धरून ओढलं. त्याने चारही पाय रोवले. मग तिने वाकून त्याला उचललंच आणि पोटाशी धरून, वाकडीतिकडी धावत घळीकडे निघाली. ती खड्ड्यापासून जरा लांब आली असेल, तोच माझ्या अंगावरचे केस एकदम ताठ उभे राहिले. डोक्यातून मुंग्या आल्या. खांबाच्या टोकाकडून चुरचुर आवाज यायला लागला. मी हे पुस्तकात वाचलं होतं. ते खरं असतं हे त्या क्षणी कळलं.

"बस!" मी सगळा जीव एकवटून ओरडले. "सगुणा, पाय जुळव! बस!"

ती जागच्या जागी उकिडवी बसली. पाय जुळवून, रेडकू मांडीवर घट्ट आवळून. त्याचे चारही पाय हवेत होते. मीही बसले, कान झाकले.

मग सगळं पांढरं झालं. आवाज ऐकू आला म्हणण्यापेक्षा तो छातीवर आदळला. डोळे उघडले तरी पांढरंच दिसत होतं. त्या पांढऱ्यातून हळूहळू खांब दिसायला लागला. उभा होता! चक्की होती. काचा होत्या. डुंबणीच्या काठावरून मात्र खड्ड्याच्या जागी वाफेचा जाड लोट वर जात होता आणि हवेत जळक्या मातीचा वास भरला होता.

"सगुणा?"

मी चाचपडत उठले.

"सगुणा!"

मग रेडकू ओरडलं. चिडून, मोठ्याने, मीठ सुटल्याची तक्रार करत. आणि त्याच्या मागून सगुणाचा आवाज आला, "बाय गं, हे मुतलं माज्या अंगावर!"

मी तिच्याकडे धावले आणि तिला मिठी मारली, रेडकासकट. आम्ही दोघी हसत होतो, रडत होतो आणि टपोऱ्या थेंबांनी भिजत होतो. मी वीज पकडली होती! ती आली, मी सांगितलेल्या वाटेने गेली, मी सांगितलेल्या जागी मुरली. इतका निर्भेळ आनंद मला नंतर आयुष्यात फार थोड्या वेळा झाला.

पाऊस एका सरीत ओसरला. उतरती उन्हं परत आली तेव्हा घाटाच्या तोंडाशी भागोजीबाबा दिसले. बाजाराचं ओझं वाटेतच टाकून आले होते. खालच्या वळणावरून त्यांनी वीज खांबावर उतरताना बघितली होती. हातात कोयती होती. आमच्याकडे न बघता ते तडक गोठ्यांकडे गेले, गोठे रिकामे बघितले आणि तिथेच उभे राहिले.

"मामंजी, समदी घळीत हायत," सगुणा धापा टाकत म्हणाली. "समदी. कारभारीन बी."

ते घळीत उतरले. प्रत्येक म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, नाव घेत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. कारभारणीने त्यांचा हात चाटला. मग सगुणाने सगळं सांगितलं, न लपवता, तिच्या मिठासकट. शेवटी ती रेडकू घेऊन कशी बसली तेही सांगितलं.

मला वाटलं, आता खांबाचा निकाल लागणार. मी पुढे झाले. "बाबा, मीठ घालायची पद्धत माझी. ती बदलते. नुसता कोळसा आणि तळ्यातली चिकण माती घालते. भोवती दगडी गडगा घालू, जनावर फिरकणार नाही. पण खांब..."

"पाय कसं व्हतं तिचं?" त्यांनी मला मध्येच तोडलं.

"काय?"

"बसली तवा. पाय."

"जुळवलेले," मी म्हणाले. "उकिडवी बसली होती."

भागोजीबाबा सावकाश खाली बसले. तसेच, उकिडवे, पाय जुळवून. कोयती बाजूला ठेवली. आपल्या पावलांकडे बघितलं.

"त्या दिशी मी असाच बसलेलो," ते म्हणाले. "जांभळीखाली. चिलीम पेटत नव्हती, म्हनून वाऱ्याला पाठ करून बसलेलो. आन् सिदू माज्या म्होरं, हातभराव. त्यो हुबा व्हता. म्हस वढत व्हती, म्हनून पाय फाकवून दावं धरलेलं त्यानं. येकाच झाडाखाली, पोरी. त्यो गेला आन् मला कायबी झालं न्हाई. लोक म्हनली, देवाची करनी. मी म्हनलं, देवाला म्या काय दिलं आन् सिदूनं काय न्हाई दिलं? आविक्ष गेलं इचार करन्यात. मग त्या दिशी तू पायांचं सांगाया लागलीस, आन् मला बसवंना. उठून गेलो."

सगुणा पदराने डोळे पुसत होती. तिला लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"म्हंजी ती करनी न्हवं," ते म्हणाले.

"नाही बाबा. तुम्ही बसला होतात आणि तो उभा होता. एवढंच."

"येवढंच," ते म्हणाले, आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला.

तेवढ्यात मागे गोठ्यांमधून एकेक करून दिवे लागले. बॅटऱ्या शाबूत होत्या, पेटी शाबूत होती, एक दिवासुद्धा गेला नव्हता. वाड्यातल्या बाया ओरडायला लागल्या. मीही ओरडले असते, पण भागोजीबाबा उठले होते आणि हाताने मला बोलवत होते.

घळीच्या वरच्या अंगाला, म्हशींच्या रोजच्या वाटेवर, एक काळा पडलेला बुंधा होता. जमिनीसरसा कापलेला, त्या जांभळीचा. मी त्याच्यावरून कितीदा तरी गेले असेन. ते त्याच्यापाशी जाऊन थांबले.

"हितं येक खांब दे," ते म्हणाले.

ज्या माणसाने लग्नाचा मांडव ताठ उभा राहू दिला नव्हता, तो हे बोलत होता.

"इथे? पण इथे गोठा नाही, घर नाही. दिवा कुणासाठी?"

"दिवा नगं. चक्की बी नगं. नुसता खांब दे, आन् त्येचा खड्डा लांब काढ, सड्याखालच्या वढ्याच्या अंगाला. चर मी खनतो. गडगा बी मीच घालतो."

"देते," मी म्हणाले. "खांब आणि खड्डा, त्या दोन्हींपासून लांब राहिलं की झालं."

"व्हय, वाटंपास्नं लांबच हुबा कर." त्यांनी वाटेकडे बोट केलं, जिथून कारभारीण कळपाला घेऊन मिठाने पांढरं झालेलं तोंड हलवत वर येत होती. "ह्या वाटंनं जाताना, वर ढग असू दी न्हाईतर काय बी असू दी, मान्सानं पाय कसं बी ठिवून हुबं ऱ्हावं. येवढंच पायजे."